अभिजात अभिसंधान

अभिजात अभिसंधान हा अध्ययनाचा, म्हणजेच शिकण्याचा, एक मूलभूत प्रकार होय. एखाद्या उद्दीपकामुळे विशिष्ट प्रतिक्रिया उपजतच घडून येते. त्या उद्दीपकाच्या जोडीने दुसरा एखादा तटस्थ उद्दीपक वारंवार अनुभवास आला, तर कालांतराने हा तटस्थ उद्दीपक एकटाही तशीच प्रतिक्रिया घडवू लागतो. या प्रक्रियेस अभिजात अभिसंधान म्हणतात. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पेत्रोविच पावलॉव्ह (१८४९–१९३६) यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केल्यामुळे ती 'पावलॉव्हीय अभिसंधान' या नावानेही ओळखली जाते. लाळ सुटणे, मळमळणे, हृदयाचे ठोके वाढणे, दचकणे, भीती वाटणे अशा अनैच्छिक प्रतिक्रिया या प्रकारे नव्या उद्दीपकांशी जोडल्या जातात. त्या इच्छेने सुरू होत नाहीत, म्हणून केवळ उपदेशाने किंवा निश्चयाने थांबतही नाहीत.

इतिहास

पावलॉव्ह हे मूळचे पचनक्रियेचे अभ्यासक. या विषयातील कार्याबद्दल त्यांना १९०४ साली शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक या विभागातील नोबेल पारितोषिक मिळाले. सेंट पीटर्सबर्ग येथील प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या लाळेचे मोजमाप चालू असता, अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, केवळ अन्न आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीने लाळ सुटते, असे दिसून आले. ही बाब प्रयोगातील अडथळा म्हणून सोडून न देता पावलॉव्ह यांनी तिलाच संशोधनाचा विषय केले. त्यांच्या प्रयोगांचे वर्णन करताना नेहमी घंटेचा उल्लेख होतो. प्रत्यक्षात त्यांनी तालमापक यंत्र, गुंजक, प्रकाश, त्वचेला केलेला स्पर्श असे विविध उद्दीपक वापरले. अमेरिकेत एडविन ट्विटमायर यांनीही १९०२ मध्ये गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेसंबंधी अशाच स्वरूपाचे निरीक्षण नोंदवले होते. परंतु त्याकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही.

मूलभूत घटक

अभिसंधानाचे वर्णन चार संज्ञांनी केले जाते. दुभत्या गाईच्या उदाहरणावरून त्या स्पष्ट होतात. धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्यालगतच्या भूम–वाशी भागात दूध व खवा हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय असल्याने हे उदाहरण तेथील विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहे.

१. अनभिसंधित उद्दीपक: पूर्वशिक्षणाशिवाय प्रतिक्रिया घडवणारा उद्दीपक. उदा., वासराने सडाला लुचणे किंवा हाताने कास चोळणे.
२. अनभिसंधित प्रतिक्रिया: त्या उद्दीपकाने आपोआप घडणारी प्रतिक्रिया. उदा., पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात मिसळून गाईने पान्हा सोडणे.
३. अभिसंधित उद्दीपक: मुळात तटस्थ असलेला, परंतु साहचर्यामुळे अर्थ प्राप्त झालेला उद्दीपक. उदा., चरवीचा आवाज किंवा धार काढणाऱ्या व्यक्तीची चाहूल.
४. अभिसंधित प्रतिक्रिया: या नव्या उद्दीपकाने घडणारी, शिकलेली प्रतिक्रिया. उदा., कासेला हात लागण्यापूर्वीच पान्हा फुटणे.

याच्या उलट, धारेच्या वेळी गाईला मारले किंवा घाबरवले तर ती 'पान्हा चोरते'. भीतीमुळे स्रवणारे ॲड्रेनालिन पान्हा सुटण्यास अडथळा करते, आणि पुढे त्या जागेच्या किंवा त्या व्यक्तीच्या केवळ दर्शनानेही तसेच घडू शकते.

माणसाच्या बाबतीत चिंचेचे उदाहरण सर्वपरिचित आहे. चिंच दिसताच तोंडाला पाणी सुटते. मात्र ज्याने चिंच किंवा तिच्यासारखे आंबट फळ कधी चाखलेच नाही, त्याच्या बाबतीत तसे होत नाही. लाळ सुटणे उपजत आहे. चिंचेच्या रूपाशी तिचे नाते शिकलेले आहे.

प्रमुख तत्त्वे

संपादन: दोन उद्दीपकांच्या जोडीची पुनरावृत्ती होत असता अभिसंधित प्रतिक्रिया हळूहळू बळकट होते. आरंभी ही वाढ वेगाने होते व पुढे मंदावते. अनुभव अतितीव्र असेल, तर एकच प्रसंगही पुरेसा ठरतो.

कालक्रम: तटस्थ उद्दीपक आधी व अनभिसंधित उद्दीपक त्यानंतर लगेच, हा क्रम सामान्यतः सर्वांत परिणामकारक असतो. क्रम उलटा झाल्यास अभिसंधान दुर्बल होते किंवा होतच नाही, कारण घटना घडून गेल्यावर मिळालेला संकेत पूर्वसूचनेचे काम करू शकत नाही.

सामान्यीकरण: अभिसंधित उद्दीपकाशी साम्य असलेल्या इतर उद्दीपकांनाही तीच प्रतिक्रिया दिली जाते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण याच तत्त्वाची नोंद आहे. साम्य जितके अधिक, तितकी प्रतिक्रिया तीव्र.

भेदबोध: एका उद्दीपकानंतर अन्न मिळते व तत्सम दुसऱ्यानंतर मिळत नाही, असा अनुभव वारंवार आल्यास प्राणी दोहोंत फरक करू लागतो. पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याला वर्तुळ व लंबवर्तुळ यांतील भेद शिकवण्यात आला. पुढे लंबवर्तुळ क्रमाक्रमाने वर्तुळासारखे करत नेले, तेव्हा भेद ओळखणे अशक्य होऊन कुत्रा अस्वस्थ झाला व आधी साधलेला भेदही त्याला जमेनासा झाला. पावलॉव्ह यांनी या अवस्थेस प्रायोगिक मनोविकृती म्हटले.

विलोप: अभिसंधित उद्दीपक पुनःपुन्हा एकटाच अनुभवास आला, तर शिकलेली प्रतिक्रिया क्षीण होत जाते.

उत्स्फूर्त पुनरागमन: विलोपानंतर काही काळ गेल्यावर तोच उद्दीपक पुन्हा समोर आला, तर लोप पावलेली प्रतिक्रिया काही प्रमाणात परत येते. यावरून विलोप म्हणजे विस्मरण नव्हे, हे सिद्ध होते. जुने साहचर्य पुसले जात नाही. त्यावर नवे शिक्षण केवळ आवरण घालते.

उच्चस्तरीय अभिसंधान: दृढ झालेला अभिसंधित उद्दीपक आता स्वतःच आधार बनून आणखी एखाद्या तटस्थ उद्दीपकास अर्थ देऊ शकतो. मात्र असे साहचर्य तुलनेने दुर्बल असते.

भीतीचे अभिसंधान

जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये 'अल्बर्ट' या टोपणनावाच्या सुमारे अकरा महिन्यांच्या बालकावर प्रयोग केला. बालक पांढऱ्या उंदराला हात लावू लागताच त्याच्या मागे पोलादी दांड्यावर हातोडीचा मोठा आघात केला जाई. काही आवृत्त्यांनंतर बालक उंदीर दिसताच रडू लागले, आणि ही भीती ससा, कुत्रा अशा केसाळ गोष्टींपर्यंत पसरली. ही भीती दूर करण्याचा प्रयत्न झाला नाही. त्यामुळे नैतिक दृष्ट्या हा प्रयोग अत्यंत आक्षेपार्ह मानला जातो. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी विरुद्ध दिशेचे कार्य केले. सशाला घाबरणारा पीटर हा मुलगा आवडता खाऊ खात असता ससा दररोज थोडाथोडा जवळ आणला गेला, आणि त्याची भीती नाहीशी झाली. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या क्रमबद्ध असंवेदनीकरण या उपचारपद्धतीचे मूळ या विचारात आहे.

महाराष्ट्रात या तत्त्वाचे सर्वांत वेदनादायक प्रत्यंतर किल्लारीच्या भूकंपानंतर आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती व मातीचे जड माळवद असलेली घरे झोपेतील माणसांवर कोसळली. त्या एका पहाटेने घराचे छप्पर, रात्रीची वेळ, जमिनीची किंचितशी हालचाल हे एरवी तटस्थ असलेले उद्दीपक मृत्यूच्या भीतीशी जोडले गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांना छपराखाली झोपणे कठीण झाले. भूकंपोत्तर धक्क्यांनी हे साहचर्य पुनःपुन्हा दृढ केले. 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकायट्री'मध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अहवालानुसार, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकार आढळले. त्यांत आघातोत्तर ताणविकार व नैराश्य प्रमुख होते. अशा विकारांत शोक, नुकसान, विस्थापन यांचाही वाटा असतो; अभिसंधान हा त्यातील एक दुवा होय. भीतिदायक गोष्ट टाळल्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु 'आता येथे धोका नाही' हा अनुभवच मिळत नसल्याने विलोप घडत नाही. म्हणून उपचारात व्यक्तीला सुरक्षित वातावरणात, तिच्या गतीने, त्या गोष्टींच्या जवळ नेले जाते.

शिक्षणातील महत्त्व

विद्यार्थी वर्गात पाठ शिकत असतो, त्याच वेळी त्या पाठाविषयीची भावनाही शिकत असतो. गणित हा विषय मुळात तटस्थ आहे. परंतु गणिताच्या तासाला छडी किंवा उपहास वारंवार वाट्याला आला, तर पुढे फळ्यावरील आकडे पाहूनच छातीत धडधड होते. ही भीती सामान्यीकरणाने शिक्षक, वर्ग आणि अखेर शाळा यांपर्यंत पसरू शकते. गैरहजर राहिल्याने ती टळते, पण टिकूनही राहते. अशा विद्यार्थ्यास आळशी ठरवून पुन्हा शिक्षा केल्यास मूळ साहचर्यच बळावते. झेपतील अशी उदाहरणे, चूक झाली तरी अपमान नाही याची खात्री आणि लहान लहान यशांची पुनरावृत्ती यांनी ते क्षीण होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. या तरतुदीच्या समर्थनार्थ अध्ययनाच्या मानसशास्त्राचाही आधार देता येतो.

मर्यादा व पुढील संशोधन

कोणताही उद्दीपक कोणत्याही प्रतिक्रियेशी सारख्याच सुलभतेने जोडता येतो, हा समज पुढे टिकला नाही. जॉन गार्सिया व रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवले, की उंदीर मळमळीचा संबंध चवीशी चटकन जोडतात, प्रकाश व आवाजाशी नाही. विजेच्या धक्क्याच्या बाबतीत मात्र याच्या उलट घडते. चवीविषयीची घृणा काही तासांच्या अंतरानेही निर्माण होऊ शकते. रॉबर्ट रेस्कोर्ला यांच्या संशोधनातून असे दिसले, की दोन उद्दीपक केवळ एकत्र येणे पुरेसे नाही. पहिल्याने दुसऱ्याची विश्वासार्ह पूर्वसूचना दिली पाहिजे. रेस्कोर्ला व ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये हे गणिती प्रतिमानाच्या रूपात मांडले. अभिसंधान ही अपेक्षा बांधण्याची प्रक्रिया आहे, हा दृष्टिकोन त्यामुळे रूढ झाला.

साधक अभिसंधानाशी तुलना

अभिजात अभिसंधानात प्रतिक्रिया अनैच्छिक असते व ती आधी येणाऱ्या उद्दीपकाने घडते. बी. एफ. स्किनर यांनी अभ्यासलेल्या साधक अभिसंधानात प्राणी स्वतः कृती करतो व तिच्या परिणामानुसार ती कृती वाढते किंवा कमी होते. छडीची भीती वाटणे हे पहिल्याचे, तर छडी टाळण्यासाठी शाळा बुडवणे हे दुसऱ्याचे उदाहरण होय. प्रत्यक्ष जीवनात दोन्ही प्रक्रिया बहुधा एकत्रच कार्य करतात.

हेही पाहा

अध्ययन, साधक अभिसंधान, प्रतिक्षिप्त क्रिया, वर्तनवाद, आघातोत्तर ताणविकार