'डिफॉल्ट' म्हणजे नक्की काय?

बँकवाले 'डिफॉल्ट' म्हणाले की समजायचं, हप्ता थकला. फोनच्या सेटिंगमध्ये मात्र हाच शब्द किती साधा वाटतो! मूळ एकच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ उणीव, चूक; त्यामागे लॅटिन 'फालेरे', म्हणजे फसवणं किंवा कमी पडणं. 'फॉल्ट', 'फेल', 'फॉल्स' ही त्याचीच भावंडं. कोर्टात तारखेला गेलाच नाहीत, तर निकाल 'बाय डिफॉल्ट' विरुद्ध लागू शकतो. सॉफ्टवेअरमध्येही तसंच: तुम्ही काही निवडलं नाही, म्हणून आम्ही कोडमध्ये ठेवलेली व्हॅल्यू लागू होते. आणि ती बहुतेक जण कधी बदलतच नाहीत. म्हणून तर सफारीत डिफॉल्ट सर्च राहण्यासाठी गूगलने ॲपलला २०२२ मध्ये तब्बल २० अब्ज डॉलर दिले. नवीन ॲप टाकलं की मी तरी आधी लोकेशनची परवानगी तपासतो.