काशीची दाटी आणि इंधनाचा हिशेब

काशीविषयी मराठीत विपुल लेखन झाले. परंतु त्याचा ओघ तीर्थमाहात्म्याकडे राहिला. हे नगर कसे रचले गेले आणि त्याला इंधन किती लागे, हा प्रश्न मागे पडला. हवेतील कार्बन घटविण्यासाठी आटोपशीर, पायी चालण्याजोगी शहरे रचावीत आणि ऊर्जा शक्यतो जवळूनच मिळवावी, असे आज जगभर सांगितले जाते. त्या दृष्टीने काशीचा इतिहास बोलका आहे.

गंगेच्या पश्चिम तीरावरील कंकराच्या उंच धारेवर जुनी काशी वसली. पुरात न बुडणारी जमीन थोडी. त्यामुळे घरे पसरण्याऐवजी उंच वाढली. 'पक्का महाल' या भागातील गल्ल्या इतक्या अरुंद की ग्रीष्मातही ऊन तळापर्यंत फार वेळ टिकत नाही. घरांतील चौक वारा खेळवतात. बांधकामाचा दगड चुनारचा. चुनार प्रवाहाच्या वरच्या अंगाला असल्याने दगडाने लादलेली नाव गंगेच्या ओघानेच खाली येई. अठराव्या शतकात मराठ्यांनी येथे घाट आणि वाडे उभारले, तेही याच रीतीने. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्याशी निगडित असलेल्या ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबे दाटीने राहिली. पाठशाळा, देऊळ, बाजार आणि नदी सारे चार पावलांवर. मदनपुरा-अलईपुऱ्यात विणकराचा माग घरातच असे आणि तो हातापायांच्या बळावर चाले.

जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये येथील टांकसाळीत आला. १८२२ मध्ये त्याने केलेल्या नकाशात ही दाट वस्ती स्पष्ट दिसते. पुढे नगर पसरले. १८८७ मध्ये गंगेवर रेल्वेचा पूल झाला, १९१६ मध्ये दक्षिणेस हिंदू विश्वविद्यालय स्थापन झाले, १९६४ मध्ये डिझेल इंजिनांच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. घर आणि काम यांत अंतर पडले. ते चाकांनी भरून काढले.

जुन्या महालाची दाटी मात्र टिकली. तुटली ती ऊर्जेची जवळीक. घरोघरी हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. २००६ मध्ये राज्य सरकारने त्यांना सवलतीचा ठोक वीजदर दिला. विणकर घरातच राहिला, पण त्याचा माग आता राज्याच्या वीजजाळ्यावर चालू लागला, आणि त्या जाळ्यात सोनभद्रच्या कोळशावरील विजेचा वाटा मोठा आहे. वल्ह्यांच्या नावांवर डिझेलची यंत्रे बसली.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलींचा धूर त्याच गल्ल्यांत कोंडे आणि तो प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येई; सांडपाणी गंगेत जाई. म्हणूनच हरिश्चंद्र घाटावरील विद्युतदाहिनी, २०२१ पासून नावांना मिळू लागलेली वायुइंधनाची यंत्रे किंवा २०२३ मध्ये पायाभरणी झालेला छावणी-गोदौलिया रज्जुमार्ग यांचे मोल नाकारता येत नाही. परंतु याच काळात विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतच्या मोकळ्या मार्गासाठी शेकडो जुन्या इमारती पाडल्या गेल्या; तो मार्ग डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला. यात्रेकरूंना ऐसपैस जागा मिळाली, गल्लीची सावली गेली.

इंधन बदलणे यंत्राच्या हाती असते. अंतर कमी ठेवणे नगररचनेच्या हाती. काशीत या दोन गोष्टी एकेकाळी सहज एकत्र नांदत होत्या. आज पहिलीवर खर्च होतो आहे. दुसरी मात्र एकदा मोडली की पैशाने पुन्हा उभी राहत नाही.