‘आपला आपण’ शिकलेला फोटोग्राफर

मागच्या दिवाळीत धाकट्या बहिणीने विचारलं, “दादा, फोटोग्राफीचा कोर्स करू का? वर्षाची फी साठ हजार आहे.” मी फराळाच्या ताटातून मान वर न करता म्हणालो, “कशाला? यूट्यूब आहे की. मी कुठे कोर्स केला? आपला आपण शिकलो.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तू स्टँडजवळच्या स्टुडिओत रात्री दहा-दहापर्यंत काकांकडे बसायचास. मला बसू दिलं असतं घरच्यांनी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्नांचे फोटो काढून मी आज चार पैसे कमावतो आणि कुणी विचारलं की ‘सेल्फ-टॉट’ असं अभिमानाने सांगतो. काकांनी माझे शेकडो फोटो बघून “नवरीच्या डोक्यातून खांब उगवलाय, दिसत नाही का?” असं ओरडून सांगितलं होतं, ते मात्र त्यात कुठेच येत नाही. मग मनात आलं, आपल्याकडे जे पहिले फोटोग्राफर झाले, ते तरी कसे शिकले असतील?

छायाचित्रणाचा शोध जगासमोर आला १८३९ मध्ये, पॅरिसला. १८५० च्या दशकात काचेवरच्या ओल्या कोलोडियनची पद्धत रुळली. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधारात जाऊन धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. चुकलं की काच, रसायन आणि पैसे तिन्ही वाया. आज आपण एका कपाचे चाळीस फोटो काढतो आणि एकोणचाळीस पुसतो. तेव्हा चूक करण्याचीही ऐपत लागायची.

म्हणून मुंबईत लोक एकत्र आले. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. म्हणजे ‘क्लास लावावा का’ हा प्रश्न आपल्याकडे निदान १८५५ पासूनचा आहे! त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. सोसायटीत दिसणारे दुसरे भारतीय नाव म्हणजे डॉ. नारायण दाजी, भाऊ दाजी लाडांचे बंधू. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. रसायनं हाताळायची सवय त्यांना तिथूनच लागली असणार. राजा दीनदयाळांना बहुतेक ठिकाणी स्वयंशिक्षित म्हणतात. पण १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेण्याआधी ते रुडकीच्या कॉलेजात अभियांत्रिकी शिकले होते आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करत होते. इमारत कुठून बघितली की तिची रेषा सरळ दिसते, हे त्यांना कॅमेऱ्याने पहिल्यांदा शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

मग येतात दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला, तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही शिकला. नंतर गोध्र्याला स्टुडिओ टाकला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्याला छापखाना काढला. एवढं शिक्षण आणि अनुभव असलेला माणूस चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झाला. सिनेमा शिकवणारी शाळाच नव्हती. त्यांनी मिळेल ते वाचलं, डोळे दुखेपर्यंत पडदा बघितला, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ मध्ये लंडन गाठलं. परत आल्यावर कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवून त्याची वाढ टिपली. महिन्याहून जास्त खपल्यावर जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार झाली. त्यात दाण्यातून वेल उगवताना दिसत होता. हीच फिल्म दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळवलं.

फाळके शाळेतले की आपले आपण शिकलेले? दोन्ही. पण कुंडीसमोर महिनाभर बसता यायला घरात कुणीतरी संसार ओढावा लागतो. सरस्वतीबाईंनी तो ओढला. दागिने दिले, शिवाय फिल्म धुण्याचं आणि तिला भोकं पाडण्याचं कामही त्या शिकल्या. त्यांना कुठल्या शाळेत घातलं नव्हतं. त्यांना ‘सेल्फ-टॉट’ म्हणायचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

बहिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मिळालं ते होमाई व्यारावाला यांच्याकडे. जन्म १९१३, नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत, त्यामुळे बालपण गावोगाव फिरण्यात गेलं. मुंबईत त्या जे. जे. मध्ये शिकल्या. चौकटीत काय कुठे ठेवायचं, प्रकाश कसा पडतो, हे तिथे कळलं. कॅमेरा मात्र शिकवला माणेकशा व्यारावालांनी, म्हणजे पुढे त्यांचे पती झाले त्यांनी. ते टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचं काम करत आणि फोटोही काढत. कॅमेरा त्यांचा, धडे त्यांचे. होमाईंनी कॅमेरा रोखला तो जे. जे.तल्या मैत्रिणींवर, मुंबईच्या रस्त्यांवर, कामाला निघालेल्या बायकांवर. बॉम्बे क्रॉनिकलने त्यांचे फोटो छापले तेव्हा एका फोटोचा एक रुपया मिळाला.

पण सुरुवातीचे कित्येक फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने. होमाई अजून अनोळखी होत्या आणि त्यात बाई. शाळेचं शिक्षण होतं, घरचं शिक्षण होतं, हात तयार होता, तरी फोटोखाली नाव नव्हतं. पुढे त्या दिल्लीला गेल्या. फाळणीच्या निर्णयासाठी हात वर करणारे नेते, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंच्या किती मुद्रा, सारं त्यांनी टिपलं. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. एक रुपयापासून तिथवर यायला आयुष्य गेलं.

हे सगळं वाचल्यावर ‘क्लास की आपलं आपण’ हा प्रश्न मला अर्धवट वाटायला लागला. आपला आपण शिकलेला म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावं, त्याच्या मागे एखादा वर्ग, एखादी नोकरी, नाहीतर एखादं माणूस निघतंच. तंत्र कुठेही मिळतं, आता तर खिशातच आहे. आपला फोटो बघून तो का फसला हे सांगणारं कुणीतरी मात्र लागतं. मला ते फुकट मिळालं, कारण मुलगा रात्री दहापर्यंत बाहेर बसला तर कुणी विचारत नाही. बहिणीला त्याच गोष्टीसाठी साठ हजार मोजावे लागणार होते. आणि वर मी तिला यूट्यूब सांगत होतो.

अर्धी फी मी भरली. जानेवारीपासून ती जाते आहे. शटर-ॲपर्चरचे धडे यूट्यूबवरही आहेत, हे तिचंही म्हणणं. पण दर शनिवारी चौदा जणांचे फोटो भिंतीवर लावतात आणि प्रत्येकाने दुसऱ्याची चूक दाखवायची असते. फी त्या भिंतीची आहे, असं ती म्हणते.

परवा तिने एक फोटो पाठवला. पहाटेची भाजी मंडई, पोत्यावर बसलेली एक आजी. मी लगेच लिहिलं, “मस्त!”

उत्तर आलं, “मस्त नको, दादा. चुकलंय काय ते सांग.”

मी फोटो मोठा करून पुन्हा बघायला लागलो. आजींच्या डोक्यातून खांब उगवला होता.