दाह थांबवतो कोण?

बोटात काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. दोन-चार दिवसांत सारे ओसरते. दाह सुरू का होतो हे आपण वर्गात शिकवतो. तो थांबतो कसा, हे सहसा विचारत नाही.

बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, एवढीच ओळख आपल्याला असते. १९७४ साली गिनीपिगांवरील प्रयोगांत मात्र वेगळेच दिसले. प्लीहेतील पेशी टोचल्यावर त्वचेवरचा दाह आटोक्यात येई. पण त्यांतून बी-पेशी वगळल्या, तर हा गुण नाहीसा होई. या निरीक्षणाचा अर्थ लागायला बराच काळ गेला.

१९९६ मध्ये चार्ल्स जेनवे व सहकाऱ्यांनी जन्मतःच बी-पेशी नसलेले उंदीर घेतले. मेंदू व मज्जारज्जूला दाह होऊन पाय लुळे पडणारा आजार त्यांना जडवला. साधे उंदीर त्यातून सावरले. बी-पेशी नसलेले क्वचितच पूर्ण बरे झाले. म्हणजे आजार होण्यासाठी नव्हे, तो ओसरण्यासाठी बी-पेशी हव्या होत्या! त्या हे कसे करतात, ते २००२ मध्ये फियात्रो, अँडरटन व सहकाऱ्यांनी दाखवले: इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन स्रवून. केवळ बी-पेशींना ते बनवता येत नसेल, तरी उंदीर सावरत नाहीत.

या ‘नियामक’ बी-पेशी ओळखण्याची एकच एक खूण आजही सापडलेली नाही. त्या ओळखाव्या लागतात त्यांच्या कामावरून. म्हणून वर्गात ‘कसे सुरू होते?’ याच्या जोडीला ‘कसे थांबते?’ हेही विचारूया.