स्मृती-संरक्षण आणि कर्नलमधील दोषशोधन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकाच संगणकावर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू लागले, तेव्हा एकाच्या चुकीपासून दुसऱ्याचे रक्षण कसे करावयाचे, हा प्रश्न निर्माण झाला. त्यातून स्मृती-संरक्षणाची कल्पना विकसित झाली. तिचा इतिहास सामान्यतः सुरक्षिततेच्या अंगाने सांगितला जातो. तथापि संरक्षणामुळे चुका थांबल्या नाहीत; त्या उघड होऊ लागल्या. दोषशोधनाच्या म्हणजेच डीबगिंगच्या दृष्टीने हे कार्य अधिक मोलाचे आहे. कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलच्या संदर्भात या मुद्द्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संरक्षणापूर्वीची स्थिती :
मँचेस्टर येथील अ‍ॅटलास संगणकात १९६२ मध्ये स्मृतीची पृष्ठांत विभागणी करण्यात आली होती. परंतु अशी सोय सर्वच यंत्रांत नव्हती. बेल प्रयोगशाळेत १९७०-७१ च्या सुमारास युनिक्स प्रणाली पीडीपी-११/२० या यंत्रावर चालत असे. त्यात संरक्षणाची कोणतीही व्यवस्था नव्हती. एका प्रोग्रॅमची चूक सर्वांचेच काम बंद पाडू शके. डेनिस रिची यांच्या आठवणीनुसार, नवा प्रोग्रॅम चालवून पाहणारा आधी 'ए.आउट?' अशी हाक देई आणि इतरांनी आपापल्या फाइली साठवून घेईपर्यंत थांबे. 'ए.आउट' हे तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलीचे नाव होते. यंत्राने करावयाचे काम येथे शेजारधर्म करीत होता.

दोषाची साक्ष :
इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये (१९८५) पृष्ठ-संरक्षण आले. निषिद्ध पत्त्यावर वाचन वा लेखन होताच प्रोसेसर काम थांबवून कर्नलला सूचना देतो. दोषाचा पत्ता 'सीआर२' या रजिस्टरमध्ये नोंदविला जातो. पृष्ठ अनुपस्थित होते की परवानगी नव्हती, हे त्रुटी-संकेतांकावरून कळते. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्समध्ये हीच माहिती 'ऊप्स' या संदेशातून, फलनांच्या क्रमासह, छापली जाऊ लागली.

मात्र या साक्षीला मर्यादा आहेत. दूषित पॉइंटर जेथे वापरला जातो तेथे दोष दिसतो. तो जेथे दूषित झाला ते ठिकाण दूर राहते. शिवाय कर्नलला स्वतःची बहुतेक स्मृती खुलीच असते. त्यामुळे त्याचे चुकीचे लेखन अनेकदा निमूटपणे पार पडते. ८०३८६ मध्ये तर केवळ-वाचनीय पृष्ठावरही कर्नल लिहू शके. ही मुभा रोखण्याची सोय ८०४८६ मध्ये (१९८९) आली. रक्षकावर पहारा कोणाचा, हा जुना प्रश्न येथे तांत्रिक रूपात उभा राहतो. लिनक्सच्या ४.० आवृत्तीत (२०१५) समाविष्ट झालेले 'केसॅन' हे साधन त्याचे एक उत्तर होय. स्मृतीच्या दर आठ बाइटांमागे एक छाया-बाइट राखून ते प्रत्येक वापर तपासते. त्याची किंमत वेग व स्मृती या दोन्हींत मोजावी लागते. म्हणून ते प्रामुख्याने चाचणीच्या टप्प्यातच वापरले जाते.

अलीकडील उदाहरण :
१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. वीस मूल्ये पुरविलेली असताना कर्नलमध्ये चालणाऱ्या घटकाने एकविसावे वाचण्याचा प्रयत्न केला होता. विमानसेवा व रुग्णालये यांना त्याची झळ पोहोचली. कर्नलमधील प्रत्येक घटकावर पूर्ण विश्वास टाकण्याची किंमत त्यातून स्पष्ट झाली.

समारोप :
बंद पडलेले यंत्र हे अपयश वाटते. परंतु चुकीची माहिती निमूटपणे साठवीत राहणारे यंत्र अधिक घातक असते. थांबलेले यंत्र निदान कोठे थांबले ते सांगते. संगणकशास्त्राच्या अध्यापनात प्रोग्रॅम लिहिण्याइतकेच दोषसंदेशाच्या वाचनालाही स्थान मिळावे, असे या इतिहासावरून म्हणता येईल.