नांगर धरणारा मास्तर आणि म्हशींमागे गेलेली आक्का

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा रात्री डोक्यावर पांघरूण घेऊन ऐकत असाल, तर आवाज थोडा वाढवा. कारण आजच्या भागात एक जुनं रेकॉर्डिंग आहे आणि त्यातला आवाज फार बारीक आहे.

खरं सांगायचं तर हा भाग मला वेगळाच करायचा होता. माझे आजोबा खटाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. शेतकऱ्याचा मुलगा, सातवी पास झाला, मास्तर झाला आणि ४० वर्षं खेड्यातल्या पोरांना शिकवत राहिला. अशी साधी, अभिमानाची गोष्ट मी लिहून ठेवली होती. मग फोनमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आक्काचं, ११ मिनिटांचं रेकॉर्डिंग सापडलं आणि लिहिलेलं सगळं बदलावं लागलं. पण आक्काकडे शेवटी येऊ. आधी थोडं मागे जाऊया, १८८२ सालात.

त्या वर्षी इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करायला एक आयोग नेमला. अध्यक्ष विल्यम हंटर, म्हणून आपण त्याला हंटर आयोग म्हणतो. या आयोगापुढे महात्मा फुल्यांनी एक लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा निदान वयाच्या १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच निवेदनातला आणखी एक मुद्दा मला जास्त भारी वाटतो. खेड्यात शिकवायला माणूस कसा हवा, हेही फुल्यांनी सांगितलं होतं. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, प्रशिक्षण घेतलेला असावा आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. लोकांमध्ये तो सहज मिसळावा. त्याच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य हेही विषय असावेत. आणि पगार? १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात १५ ते २०. शिवाय गावचं टपाल, हिशेब तपासणं अशी कामं त्याच्याकडे द्या, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल.

विचार करा, हे १८८२ मध्ये. ज्याच्या घरात कधी पाटी आली नाही, त्याच घरातून मास्तर तयार करा, असं हा माणूस सरकारला सांगतोय.

सरकारने काय केलं? आयोगाने प्राथमिक शाळा लोकल बोर्ड आणि नगरपालिकांच्या गळ्यात टाकल्या. सक्ती काही झाली नाही. पुढे १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, तेही पुढच्या वर्षी पडलं. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानापुरतं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जो बाप मुलाला शाळेत धाडणार नाही, त्याला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळातला १ रुपया, बरं का!

आणि मग येतात भाऊराव पाटील, आपले कर्मवीर. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी संस्था काढली आणि नाव ठेवलं 'रयत'. रयत म्हणजे कुळवाडी, जमीन कसणारा माणूस. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, आपली कामं आपणच करायची, शेतात राबायची आणि शिकायची. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकलं. १९३० मध्ये त्या गेल्या. हा प्रसंग लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

१९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. त्यानंतरच्या वर्षांत सुरू झाल्या व्हॉलंटरी शाळा. जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा डोंगरातल्या, माळावरच्या गावांत शाळा काढायची. जागा गावाने द्यायची. देऊळ असेल, चावडी असेल, नाहीतर कुणाचा तरी सोपा. मास्तर म्हणून जायची खेड्यातलीच शिकलेली पोरं. अशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या. फुल्यांनी ५०-५५ वर्षांपूर्वी कागदावर सांगितलेला मास्तर आता खरोखरच गावोगाव दिसायला लागला.

माझे आजोबा त्यातलेच एक. जन्म १९२३ चा. घरची कोरडवाहू जमीन, एक विहीर, एक बैलजोडी, दोन म्हशी. थोरला भाऊ औतावर, हे मधले, आणि आक्का शेवटची. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढच्या शाळेसाठी रोज दोन कोस चालत जायचं आणि दोन कोस परत. सातवीची परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, लोक नुसतं 'फायनल' म्हणायचे. फायनल पास झालेला माणूस म्हणजे गावात मोठा विद्वान, कारण तेवढ्यावर मास्तरकी मिळायची.

१८ व्या वर्षी ते एका वाडीवरच्या व्हॉलंटरी शाळेत रुजू झाले. शाळा मारुतीच्या देवळात. एकच मास्तर आणि चार इयत्ता. तुम्ही म्हणाल, एकटा माणूस चार वर्ग कसे सांभाळणार? पहिलीला धुळीत बोटाने अक्षरं गिरवायला बसवायचं. दुसरीने पाटीवर शुद्धलेखन लिहायचं. चौथीतला हुशार पोरगा तिसरीकडून पाढे म्हणवून घ्यायचा. आणि नुसते बे ते तीस नाहीत हं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे! बाजारात पावणेदोन शेराचा भाव काढायला कॅल्क्युलेटर नव्हता, हे पाढे होते.

मास्तरचं काम शाळा सुटल्यावर संपायचं नाही. या भागातली निम्मी तरणी माणसं मुंबईच्या गिरणीत नाहीतर पलटणीत. त्यांची पत्रं यायची आणि ती वाचून दाखवायची मास्तरनेच. मनीऑर्डरवर साक्ष मास्तरची. कुणाचं भांडण, कुणाची सोयरीक, कुणाचा सावकाराचा कागद, सगळं मास्तरकडे. फुले म्हणाले होते ना, गावच्या कारभारात शिक्षकाला जागा द्या? गावाने ती न सांगताच देऊन टाकली.

त्यांची खरी परीक्षा असायची सुगीत. ज्वारी काढणीला आली की देऊळ रिकामं. पोरं पाखरं राखायला, बाटूक गोळा करायला, लहान भावंडं सांभाळायला. दिपोटी साहेब तपासणीला आले की पट ३० आणि हजर ७. दुसरा मास्तर चिडला असता. आजोबा शेतकऱ्याचेच असल्यामुळे त्यांना माहीत होतं की बाप आडमुठा नाही, त्याला माणसांचा तोटा आहे. ते सकाळी लवकर बांधावर जायचे, तासभर ज्वारी काढू लागायचे आणि मग म्हणायचे, 'आता माझी मजुरी द्या. दोन पोरं द्या.' घरात ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली आहे. मला वाटतं फुल्यांना जो मास्तर हवा होता, तो हाच. नांगर धरायला लाज नाही, एवढंच ते नव्हतं. नांगर धरल्यामुळे त्याला पोरगं शाळेत का येत नाही हे कळत होतं.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात व्हॉलंटरी शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि आजोबा 'झेडपीचे गुरुजी' झाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आईबापांबरोबर पोरंही गेली. तेव्हा ते कामाच्या ठिकाणी जाऊन जेवणाच्या सुट्टीत पाढे घ्यायचे. पोरांच्या एका हातात सुकडी आणि तोंडात सवायकी. निवृत्त झाल्यावर मरेपर्यंत त्यांनी शेत सोडलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी आधीच लिहिली होती. आता रेकॉर्डिंग.

२०१९ ची दिवाळी. आक्का तेव्हा नव्वदीला टेकलेली. मी सहज विचारलं, 'आक्का, आजोबा शाळेत जायचे तेव्हा तू काय करायचीस?' ती हसली आणि म्हणाली, 'मी म्हशीमागं. मी म्हशीमागं गेले म्हणून तर त्यो शाळंत गेला. दोघं गेलो असतो तर म्हशी कुणी बघायच्या?'

बास. एवढंच, आणि त्यात तक्रारीचा सूर अजिबात नाही. हवामान सांगावं तसं तिने सांगितलं.

मी हिशेब मांडला. आजोबांची फायनल झाली तेव्हा आक्का नऊ-दहा वर्षांची असेल. त्यांनी वाडीवर जाऊन दुसऱ्यांच्या पोरी शाळेत आणायला सुरुवात केली, तेव्हा स्वतःच्या घरात त्यांची बहीण शेण भरत होती. बापाला पटवायला लोकांच्या बांधावर जाणारा हा माणूस स्वतःच्या बापाशी आक्कासाठी कधी बोलला का? मला माहीत नाही. विचारायची वेळ निघून गेली आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायची ही मोहीम, आणि ती चालवली मुख्यतः गावातल्या शिक्षकांनी. रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग भरायचे. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पुढे ही मोहीम राज्यभर गेली. आक्का तेव्हा सासरी, तीन पोरांची आई. तिच्या गावातही वर्ग निघाला. ती म्हणते, भाकऱ्या झाल्या की हात धुऊन ती देवळात जायची. दोन महिन्यांत ती स्वतःचं नाव लिहायला शिकली. आजोबांना कळलं तेव्हा ते खास तिच्या गावी गेले आणि तिला पाटी दिली. तिशी ओलांडलेल्या बहिणीला पाटी!

रेकॉर्डिंगमध्ये मी पुढे विचारतो, 'मग पहिली सही कुठे केलीस?'

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो. मग ती म्हणते, 'कचेरीत. आबा वारल्यावर. जमिनीच्या कागदावर.'

आबा म्हणजे तिचे वडील. तो कागद होता हक्कसोडपत्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीलाही हिस्सा मिळाला होता. म्हणून बाप गेल्यावर बहिणींकडून लिहून घ्यायची पद्धत पडली, की मला काही नको, सगळं भावांचं. आक्कानेही लिहून दिलं. समोर दोन्ही भाऊ उभे होते, मास्तर भाऊसुद्धा.

कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला, तर आक्का म्हणाली, 'अंगठा न्हाई, मला येतंय.' आणि तिने सही केली. रेकॉर्डिंगमध्ये हे सांगताना तिचा आवाज एकदम मोठा होतो. 'अक्षर लई चांगलं आलं हुतं,' असं ती म्हणते.

मंडळी, मी हे किती वेळा ऐकलं असेल सांगता येत नाही. आयुष्यात शिकलेली पहिली अक्षरं आणि ती वापरली स्वतःचा हक्क सोडायला. तरीही तिला आठवतो तो आनंदच, अंगठा न दिल्याचा.

मग आजोबा वाईट होते का? मला तसं वाटत नाही. त्यांनी शेकडो घरांत पाटी पोचवली. पण त्या पाटीची किंमत कुणी भरली, हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता. बोर्डिंगची पोरं जेवली, ती लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रावर. माझे आजोबा शिकले, ते आक्काच्या म्हशींवर. लक्ष्मीबाईंचं नाव निदान इतिहासात आहे. आक्कांसारख्यांचं नाव हजेरीपटावरही नाही, कारण त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत.

आज कमी पटाच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिसळायची चर्चा होते. कागदावर ते बरोबरही वाटतं, १० पोरांसाठी शाळा कशाला? पण शाळा लांब गेली की सगळ्यात आधी घरी कोण थांबतं, हे मला आता ठाऊक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी असं ठरलं, ते उगाच नाही. दोन कोस चालायला आजोबांना पाठवलं. आक्काला कुणी पाठवलं असतं?

तर आजचं काम सोपं आहे. घरात कुणी शिकलेले आजोबा असतील तर त्यांच्या बहिणीचं नाव विचारा. ती काय करत होती ते विचारा. आणि फोन समोरच असतो, रेकॉर्ड करा. ११ मिनिटं पुरतात.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.