डब्यावरची चिठ्ठी

गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांकडे बॅटरीवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्या आल्या. भाऊबीजेला पाहतात तो एका पणतीचा तळ उघडा आणि आतला बटणाएवढा सेल नाहीसा! दीड वर्षाची नात तिथेच खेळत होती. तिला तसेच उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टर कन्नड बोलणारे, आजीला मराठीवाचून दुसरी भाषा नाही, दुभाषी मी. एक्स-रे स्वच्छ निघाला. सेल दुसऱ्या दिवशी सतरंजीच्या घडीत सापडला. पण आजीबाईंचा प्रश्न माझ्या मनात राहिला, "एवढ्याशा सेलाने असे काय होते हो?" उत्तर शोधता शोधता मी शंभर वर्षे मागे, अमेरिकेत जाऊन पोचलो.

तेथे शेव्हेलियर जॅक्सन (1865–1958) नावाचे घशाचे डॉक्टर होते. त्या काळी अमेरिकेतल्या घराघरांत साबण करायला आणि मोऱ्या साफ करायला दाहक सोडा वापरत. तो दिसायला साखरेसारखा. मुले तो तोंडात टाकीत. अन्ननलिका आतून भाजे आणि जखम भरताना इतकी आकसे की पाण्याचा घोटही उतरत नसे. अशाच एका सात वर्षांच्या मुलीची हकिकत जॅक्सननी आत्मचरित्रात सांगितली आहे. नळीतून अडथळा काढल्यावर ती भीत भीत एक घोट प्याली, मग दुसरा. आणि पेला बाजूला सारून तिने डॉक्टरांच्या हाताचा मुका घेतला.

जॅक्सननी घशांतून व श्वासनलिकांतून काढलेल्या पिना, नाणी, बटणे अशा 2,374 वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. परंतु मला त्यांचे मोठे काम वेगळेच वाटते. एकेक मूल वाचवून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. डब्यावर 'विष' हा शब्द आणि प्राथमिक उपचार छापलेच पाहिजेत, यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. 1927 साली तसा कायदा झाला.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. सेल फुटून आतले रसायन गळते म्हणून इजा होते, असा आपला समज. खरे कारण निराळे आहे. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तराला सेल टेकला की त्यातून वीज वाहू लागते आणि ऋण टोकापाशी तीव्र अल्क तयार होते. म्हणजे जॅक्सनच्या काळी डब्यातून पोटात जाणारा दाह आज घशातच निर्माण होतो! 20 मिलिमीटरचा, 3 व्होल्टचा लिथियम सेल अडकला तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो. कडेचे दुहेरी वर्तुळ पाहून तो ओळखायचा.

2018 साली अमेरिकेतील संशोधकांनी पिलांवर प्रयोग करून दाखवले की मध हा दाह कमी करतो. मूल एक वर्षावरचे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर मध द्यावा. जास्तीत जास्त सहा वेळा. वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच नको. मध शोधण्यात वेळ घालवू नये आणि उलटी करवू नये. मध हा उपचार नव्हे, वेळ मिळवण्याची युक्ती आहे. सेल काढायला डॉक्टरच हवेत.

2022 साली अमेरिकेत पुन्हा कायदा झाला. सेल गिळून दगावलेल्या दीड वर्षाच्या मुलीचे नाव त्याला दिले आहे. सेलाचा कप्पा मुलांना उघडता येऊ नये आणि वेष्टनावर इशारा असावा, असे तो सांगतो. 1927 ची चिठ्ठीच पुन्हा लिहावी लागली, म्हणायची.

शेजारच्या पणत्यांचे खोके मी नंतर पाहिले. इशारा होता, पण बारीक इंग्रजीत. आजीबाईंना तो वाचता येत नव्हता. आमच्या भागात घरोघरी दोन भाषा नांदतात. ही एवढी गोष्ट तरी दोन्ही भाषांत सांगायला काय हरकत आहे? यंदा पणत्या आल्या की आधी स्क्रू तपासा, आणि शेजारणीलाही तिच्या भाषेत सांगा.